बाळ रडताना तोंड वाकडं होतं : एमआरआय कधी, सीटी कधी आणि त्याआधी काय

नवजात बाळाचं तोंड रडताना एका बाजूला ओढलं जातंय, हे बहुतेक घरांत डॉक्टरांच्या आधी आजीच्या लक्षात येतं. मग चर्चा सुरू होते. वारं गेलं असेल, ग्रहणात काही चिरलं असेल, चिमटा लावला म्हणून झालं असेल. चार दिवसांत कुणीतरी सांगतं, 'सरळ एमआरआय करून टाका.' आणि लांज्याहून, गुहागरहून, मंडणगडहून आईवडील आठ-दहा दिवसांचं बाळ दुपट्यात घेऊन स्कॅन सेंटर शोधू लागतात.

कानाच्या ओपीडीत तीन प्रश्न सारखे येतात. तोंड वाकडं होणाऱ्या बाळाचा स्कॅन करायचा का? कान नीट तयार न झालेल्या बाळाच्या आईवडिलांना 'चेहऱ्याची नस जागेवर नसेल' असं सांगतात, त्याचा अर्थ काय? आणि मूल बहिरं म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटची तयारी चालू असताना रिपोर्टमध्ये या नसेबद्दल काही लिहून आलं, तर घाबरायचं का?

तिन्ही प्रश्नांत गोंधळ एकच आहे. स्कॅन म्हणजे उपचाराची सुरुवात, असं आपण धरून चालतो. तसं नाही. स्कॅनमुळे तुमचा एखादा निर्णय बदलणार असेल तेव्हाच तो करायचा आणि करायचा तेव्हा नेमकं काय बघायचं आहे ते लिहून करायचा. त्याआधी करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्यांपैकी बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातच होतात.

आधी कुठली बाजू अधू आहे ते ओळखा

ज्या बाजूला तोंड ओढलं जातं ती बाजू बिघडली, असं जवळजवळ प्रत्येक घरात समजतात. खरं तर उलटं असतं. जी बाजू ओढली जाते तिचे स्नायू काम करत असतात. जी बाजू गप्प राहते ती अधू. आईवडील दाखवतात उजवा गाल आणि दोष निघतो डाव्या बाजूला, हे नेहमीचं आहे. म्हणून बाळ रडत असताना आणि झोपेत असताना हे बघा :

- रडताना दोन्ही डोळे घट्ट मिटतात का? एक उघडा राहतो का?
- नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी दोन्ही गालांवर सारखी पडते का?
- दूध पिताना एकाच बाजूने ओघळतं का?
- दोन्ही कान सारखे आहेत का? कानाला भोक आहे का? कानापुढे कातडीचा दाणा किंवा मोड आहे का?
- हनुवटी एका बाजूला लहान वाटते का?
- चेहरा दोन्ही बाजूंनी स्थिर आहे का, म्हणजे रडण्याचा आवाज येतो पण चेहऱ्यावर रडणं दिसत नाही, असं होतं का?

डोळे नीट मिटतात, घडी सारखी आहे, फक्त रडताना खालच्या ओठाचा एक कोपरा खाली जात नाही, असं असेल तर बहुधा नस ठीक आहे. ओठ खाली ओढणारा एक छोटा स्नायू त्या बाजूला पुरता तयार झालेला नसतो. हे बऱ्यापैकी आढळतं, डाव्या बाजूला जास्त. हसताना, बोलताना फारसं कळत नाही आणि वय वाढतं तसं कमी जाणवतं. यासाठी डोक्याचा स्कॅन लागत नाही. सोनोग्राफीत तो स्नायू पातळ दिसू शकतो. मात्र अशा काही बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. १९६९ साली केलर या डॉक्टरांनी हा संबंध मांडला, तेव्हापासून ही बाळं बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासावीत आणि शंका वाटल्यास हृदयाचा इको करावा, असा रिवाज आहे. ओठाकडे बघत बसताना हृदय तपासायचं राहून गेलं, असं होऊ देऊ नका.

मोबाईलवर व्हिडिओ काढा. ओपीडीत बाळ हमखास शांत झोपतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. उजेडात, चेहरा समोर ठेवून, अर्धा मिनिट रडतानाचा, एक दूध पितानाचा आणि एक झोपेतला, एवढे तीन व्हिडिओ पुरतात. सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका. त्यात डावं-उजवं उलटं होऊ शकतं आणि कागदावर चुकीची बाजू लिहिली जाते. तसाच व्हिडिओ दर पंधरवड्याला काढत राहा. सुधारणा आहे की नाही हे ठरवताना तुमच्या फोनमधले हे तुकडे कुठल्याही फिल्मपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

प्रसूतीतली इजा की गर्भातली घडण?

पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. चेहऱ्याची नस म्हणजे मेंदूतून निघणारी सातवी नस. ती कानाच्या हाडातून जाते आणि कानामागून बाहेर येऊन गालात पसरते. मोठ्या माणसात कानामागे जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तो नवजात बाळात नसतोच. त्यामुळे तिथे नस कातडीच्या अगदी खाली असते. चिमट्याचा किंवा आईच्या कटीच्या हाडाचा दाब पडला की ती दुखावते.

इजेकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी : पहिलटकरणीची लांबलेली प्रसूती, साडेतीन किलोच्या वरचं बाळ, चिमट्याचा वापर, कानाजवळ किंवा गालावर काळंनिळं, कानाच्या पडद्यामागे रक्त. अशी इजा दहापैकी नऊ बाळांत आपोआप भरून येते, काहींत दोन-तीन आठवड्यांत, काहींत काही महिन्यांत. इथे थांबणं हाच उपचार असतो. सगळीच भरून येते असं नाही. हॉलिवूडचा नट सिल्व्हेस्टर स्टॅलोन याच्या चेहऱ्याची खालची डावी बाजू जन्माच्या वेळच्या चिमट्यामुळे कायमची लुळी राहिली, हे त्याच्या चाहत्यांना ठाऊक आहे.

गर्भातल्या घडणीकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : प्रसूती सोपी झाली, कुठे खरचटलेलंही नाही आणि तरी चेहरा पहिल्या दिवसापासून लुळा, कान लहान किंवा वेडावाकडा, जबडा एका बाजूला छोटा, टाळू फाटलेली, पाय वाकडे. दोन्ही बाजू लुळ्या आणि डोळे बाहेरच्या बाजूला वळत नाहीत, असं असेल तर मोबियस सिंड्रोमचा विचार करतात. १८८८ मध्ये मोबियस या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेल्या या प्रकारात सहावी आणि सातवी नस मुळातच अपुरी असते. अशा बाळाला गिळायला, कधी श्वास घ्यायलाही त्रास होतो, म्हणून ते पहिल्या दिवसापासून रुग्णालयाच्या देखरेखीत हवं.

म्हणून प्रसूती जिथे झाली तिथून डिस्चार्ज कार्ड घेताना एवढं लिहिलेलं आहे का बघा : प्रसूतीचा प्रकार, चिमटा की व्हॅक्यूम, किती वेळ लागला, वजन आणि जन्मतःच चेहरा कसा होता. दोन महिन्यांनी हे कुणाला आठवत नाही.

एक नाजूक गोष्ट आहे. गर्भ नको म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत दुकानातून मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणून घेतल्या आणि गर्भ राहिला, असं घडलं असेल तर आईने ते डॉक्टरांना एकटीने, सासरच्या माणसांना बाहेर थांबवून सांगावं. अशा गरोदरपणांत मोबियसचं प्रमाण जास्त आढळलं आहे. ब्राझीलमध्ये यावर बराच अभ्यास झाला. हे विचारण्यामागे दोष देण्याचा हेतू नसतो, निदान लवकर व्हावं एवढाच असतो. आणि डॉक्टरांनी ते गुप्त ठेवायचं असतं.

जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत चेहऱ्याच्या स्नायूंची विद्युत चाचणी करता आली तर इजा की घडण हे कळायला मदत होते. इजेत सुरुवातीला प्रतिसाद मिळतो आणि मग कमी होतो. घडणीच्या दोषात तो पहिल्यापासूनच नसतो किंवा फार कमी असतो. सगळीकडे ही सोय नाही. नसेल तर जीव टांगणीला लावू नका, व्हिडिओ आणि तपासणीवरही बरंच ठरतं.

घरी काय करायचं, काय टाळायचं

डोळा सर्वांत महत्त्वाचा. तो मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होऊ शकते. सुदैवाने तान्ह्या बाळात पापणी उघडी राहिली तरी झोपेत डोळा वर फिरतो आणि बुबुळ झाकलं जातं. आईला फटीतून पांढरं दिसतं आणि ती घाबरते. ते पांढरं दिसणं चांगलं लक्षण आहे. तरी डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसा आणि मलम रात्री घाला. डोळा लाल झाला, बाळ उजेडाकडे बघेना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

- काजळ नको, त्या डोळ्यात तर अजिबात नको. तीट लावायची तर गालावर, कपाळावर लावा.
- गालावर गरम शेक, जायफळ, लसूण, चुना नको. तान्ह्याची कातडी भाजते आणि खरं निदान लांबतं.
- नाकात-कानात तेल घालू नका. मोठ्या माणसाच्या अर्दितावरचा, म्हणजे चेहऱ्याच्या लकव्यावरचा, नस्याचा उपचार नवजात बाळावर करायचा नसतो. तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.
- स्टेरॉइडची औषधं कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. मोठ्यांच्या अचानक आलेल्या लकव्यावर ती देतात. घडणीच्या दोषात त्यांचा उपयोग नाही.
- दूध ओघळत असेल तर बाळाला जरा उभट धरा, ओठाच्या अधू कोपऱ्याला बोटाचा हलका आधार द्या. वजन वाढतंय ना, हे दर आठवड्याला बघा.

देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला. पण कौल मिळेपर्यंत डोळ्याचे थेंब थांबवू नका.

या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका

जन्मतः चेहरा नीट होता आणि नंतर वाकडा झाला, तर तो जन्मजात दोष नव्हे. ताप, कान वाहणं, बाळ मलूल होणं, दूध ओढताना ठसका किंवा निळं पडणं, दिवसेंदिवस वाढत जाणारा लुळेपणा यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. १०८ बोलवा. अशा वेळी स्कॅन लवकर लागू शकतो आणि तो लागतो वेगळ्या कारणासाठी.

स्कॅनच्या आधी : ऐकू येणं, हृदय, डोळे

चेहऱ्याची नस आणि ऐकण्याची नस कानाच्या आतल्या एकाच अरुंद नळीतून जातात. एक बिघडली असेल तर दुसरी तपासायलाच हवी. म्हणून पहिल्या महिन्यात ओएई ही ऐकण्याची चाचणी, गरज वाटल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत ऐकण्याच्या नसेची बेरा चाचणी आणि ऐकू येत नसेल तर सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र, हा क्रम धरा. टाळी वाजवल्यावर बाळ दचकतं हे ऐकू येण्याचा पुरावा नाही. एका कानाने ऐकणारं बाळही दचकतं.

ओएई पास झाली तरी या बाळांत बेरा करून घ्या, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. ओएई फक्त आतल्या कानातल्या पेशी तपासते. नसच नसेल तरी ती पास होऊ शकते.

हृदयाबद्दल वर आलंच आहे. कान लहान आणि जबड्यातही फरक असेल तर मणक्याचा एक्स-रे आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील. ती टाळू नका, कारण ही अंगं गर्भात साधारण त्याच काळात घडतात. नाकाचं मागचं दार बंद, बुबुळात फट, हृदयदोष आणि कानाचा दोष एकत्र असतील तर चार्ज नावाच्या प्रकाराची शंका घेतात. त्यात आतल्या कानाचा स्कॅन लवकर लागतो.

सीटी काय दाखवतो, एमआरआय काय दाखवतो

कोकण रेल्वेने उक्षीहून रत्नागिरीकडे येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. चेहऱ्याची नस अशीच हाडाच्या बोगद्यातून जाते. मोठ्या माणसात तो जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, तरी एका नसेसाठी हाडातला हा प्रवास लांबचाच. सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी एक मिलिमीटरही नसते. सीटी बोगद्याच्या भिंती दाखवतो : तो कुठे वळतो, कुठे रुंद आहे, कुठे छत नाही. एमआरआय आतली नस दाखवतो, ती मुळात आहे का, बारीक आहे का, मेंदूतलं तिचं मूळ नीट आहे का.

म्हणून :

- प्रसूतीत जोराचा मार, कवटीचं हाड मोडल्याची शंका : सीटी.
- चेहरा दोन्ही बाजूंनी लुळा, डोळ्यांच्या किंवा जिभेच्या इतर नसाही अधू, सोबत बहिरेपणा : एमआरआय.
- इजेचा पुरावा नाही आणि काही महिन्यांत हालचाल अजिबात सुरू झालेली नाही : आधी एमआरआय, गरज पडली तर सीटी.
- कानावर शस्त्रक्रिया ठरत आहे : सीटी, तोही शस्त्रक्रियेच्या वयाजवळ.
- कॉक्लिअर इम्प्लांट : सहसा दोन्ही.
- फक्त ओठाचा कोपरा, बाकी सगळं ठीक : दोन्ही नाही.

सीटीत किरणोत्सर्ग असतो आणि तान्ह्या बाळावर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. 'एकदाच काढून ठेवू, पुढे उपयोगी पडेल' असं करू नका. कान लहान असलेल्या बाळाचा पहिल्या वर्षी काढलेला सीटी पाचव्या वर्षी पुन्हा काढावा लागतो, कारण हाड तोवर वाढलेलं असतं. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण तो लांबलचक चालतो, आवाज मोठा असतो आणि बाळाला हलून चालत नाही.

सर्वांत मोठी फसगत : 'एमआरआय ब्रेन'

हे नीट वाचा, कारण पैसे आणि वेळ इथेच वाया जातात. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहिलं तर मेंदूचे जाडसर काप घेतले जातात. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, घरी पेढे वाटले जातात आणि ती नस त्या कापांच्या मध्ये कुठेतरी निसटलेली असते. मुंबईचा सर्जन ते चित्र बघून पुन्हा एमआरआय सांगतो. बाळाला पुन्हा भूल.

चिठ्ठी घेताना डॉक्टरांना विचारा, त्यावर हे लिहिलंय का :

- बाळाचं वय, कुठली बाजू आणि शंका कसली आहे.
- एमआरआय असेल तर आतल्या कानाच्या नळीचे बारीक थ्रीडी काप. मशीनच्या कंपनीनुसार त्यांना सिस किंवा फिएस्टा म्हणतात.
- त्या नळीचे तिरके आडवे छेद. तिथे चार नसा चार ठिपक्यांसारख्या दिसतात आणि चेहऱ्याची नस पुढच्या बाजूला वर असते. ठिपका नसेल तर तो इथेच कळतो.
- सीटी असेल तर टेम्पोरल बोनचा एचआरसीटी, एक मिलिमीटरहून बारीक कापांचा आणि लहान मुलांच्या कमी मात्रेत.

शिरेतून रंग देऊन काढायचा एमआरआय जन्मजात दोषासाठी सहसा लागत नाही. सूज किंवा गाठीची शंका असेल तर लागतो. सेंटरवर तसं सुचवलं तर कारण विचारा.

भूल, उपाशी ठेवणं आणि प्रवास

साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला पोटभर दूध पाजून, कपड्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपेतच एमआरआय करता येतो. भूल टळते. सेंटरला आधी फोन करून 'पाजून, गुंडाळून करता का' असं विचारा. त्याहून मोठ्या बाळाला झोपेचं औषध किंवा भूल लागते. ती देताना बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवणारे भूलतज्ज्ञ हजर आहेत का, हे विचारणं तुमचं काम आहे. नुसतं झोपेचं सिरप पाजून बाहेर बाकावर बसवत असतील तर तिथे करू नका.

भूल देण्याआधी पाणी दोन तास, आईचं दूध चार तास आणि वरचं दूध किंवा खाणं सहा तास बंद, असा नियम आहे. राजापुराहून किंवा दापोलीहून पहाटे निघून उपाशी बाळ गाडीत घेऊन येणं हा छळ आहे. आदल्या रात्री जवळ मुक्काम करा आणि सकाळची पहिली वेळ मागा.

खोलीत जाण्याआधी करदोटा, वाळे, मनगट्या, ताईत, कानातले डूल सगळं काढा. बारशाला घातलेलं काढताना घरची मंडळी कुरकुरतात; पण चांदीच्या वाळ्यात दुसऱ्या धातूचा अंश असला तर मशीन तो ओढतं किंवा तो तापतो. नसला तरी चित्र बिघडतं.

रिपोर्टमधले घाबरवणारे शब्द

'डिहिसन्स' म्हणजे हाडाच्या नळीला एखाद्या जागी छत नाही. मधल्या कानात हे चांगल्या धडधाकट माणसांतही इतकं सर्रास आढळतं की त्याला आजार म्हणणं चूक. पण कानावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते माहीत असलंच पाहिजे.

'ॲबरंट कोर्स' म्हणजे नस नेहमीच्या वाटेने जात नाही. चेहऱ्याची हालचाल ठीक असेल तर आज काही करायचं नाही. पुढे कानाची शस्त्रक्रिया झाली तर सर्जनला सांगायचं. 'बायफर्केशन' म्हणजे नस दोन फाट्यांत गेली आहे, तेही तसंच.

'हायपोप्लेसिया' म्हणजे बारीक, 'अप्लेसिया' म्हणजे नाहीच. हे शब्द आले तर नस आपोआप भरून येण्याची शक्यता फार कमी किंवा नाही. वाट बघणं थांबवून पुढच्या योजनेला लागायचं. 'फेशियल कॉलिक्युलस ॲब्सेंट' असं मोबियसमध्ये दिसतं. मेंदूतलं नसेचं मूळच घडलेलं नसतं.

'पर्सिस्टंट स्टेपिडियल आर्टरी' हा दुर्मिळ प्रकार आहे. गर्भातली एक रक्तवाहिनी कानात तशीच राहते आणि नसेचा बोगदा रुंद दिसतो. हा शब्द असेल तर कानाच्या शस्त्रक्रियेआधी तो सर्जनला स्वतः दाखवा.

कान लहान असलेलं बाळ

इथे घाई नको, पण दुर्लक्षही नको. कानाचं भोक नसलेल्या बाजूला चेहऱ्याची नस बऱ्याचदा जास्त पुढे आणि वरवर असते. भोक तयार करण्याच्या शस्त्रक्रियेत तिला धोका असतो. म्हणून सर्जन सीटीवरून दहा गुणांचा एक तक्ता मांडतात. जार्सडॉर्फर यांच्या या तक्त्यात नसेच्या जागेला एक गुण आहे, रिकिबीसारख्या हाडाला दोन. गुण कमी असतील तर शस्त्रक्रिया करू नये, असं सर्जनच सांगतील. ते ऐका. हाडातून आवाज पोचवणारं यंत्र हा सुरक्षित पर्याय असतो.

दोन्ही बाजूंना भोक नसेल तर स्कॅनसाठी थांबू नका. डोक्याच्या पट्ट्यावर बसवलेलं हाडातून ऐकवणारं यंत्र पहिल्या काही महिन्यांतच सुरू करता येतं. बोलणं त्यावर अवलंबून आहे. कानाची पाळी बरगडीच्या कूर्चेपासून घडवतात ती सहा ते दहा वर्षांच्या वयात.

कॉक्लिअर इम्प्लांटची वाट चेहऱ्याच्या नसेच्या शेजारून जाते. नस जागा बदलून असेल तर शस्त्रक्रिया होतच नाही असं नाही. सर्जनला वाट बदलावी लागते. शस्त्रक्रियेत नसेवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावणार का, हे जरूर विचारा. मात्र ऐकण्याची नसच दिसत नसेल तर इम्प्लांटने किती फायदा होईल यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

रत्नागिरीतून कुठे जायचं

आशाताई तुमच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांना व्हिडिओ दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी आणि पुढचा उपचार त्यातून होतो. त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत चेहऱ्याची नस नावानिशी नाही. पण जन्मजात बहिरेपणा आणि हृदयविकार आहेत. या कार्यक्रमाच्या पथकाने 'यादीत नाही' असं म्हटलं तर श्रवण तपासणी आणि हृदय तपासणीसाठी संदर्भचिठ्ठी मागा. त्या चिठ्ठीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं दार उघडतं.

जिल्हा रुग्णालय आणि २०२३ मध्ये सुरू झालेलं रत्नागिरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, चिपळूण-संगमेश्वर भागातल्यांसाठी डेरवणचं वालावलकर रुग्णालय, इथे बालरोग आणि कान-नाक-घसा विभागांत पहिली तपासणी करून घ्या. त्यापुढे आंबा घाटाने कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा मुंबई. मुंबईत लहान मुलांसाठी परळचं वाडिया रुग्णालय आणि शेजारचं केईएम. तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरलात की दोन्ही जवळ. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था. केंद्राच्या अडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते, तिचं कामही हीच संस्था बघते.

खर्चाचं बघायचं तर शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून तपासण्या, औषधं आणि वाहन मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण ते उपचाराच्या पॅकेजला लागू होतं. बाहेर परस्पर काढलेल्या स्कॅनचे पैसे त्यातून परत मिळत नाहीत. म्हणून आधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, मग स्कॅन काढा. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

तुमचा हक्क काय

- स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात. सर्जनला सगळे काप फिरवून बघायचे असतात. घरी येण्याआधी सीडी उघडते का ते तिथेच तपासा.
- रुग्णाचे कागद लेखी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायचे असतात.
- दुसरं मत घेणं हा तुमचा अधिकार आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.
- दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत चेहऱ्याचा लकवा वेगळा नाही. पण दोन्ही कानांचा बहिरेपणा आणि वाचादोष आहेत. तसं असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

पुढची वर्षं

नस भरून येत असेल तर पहिली हालचाल बहुतेकदा गालात किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात दिसते. ती दिसली की पुन्हा स्कॅन काढून खात्री करत बसू नका. नसच नसेल तर हसू परत आणणारी शस्त्रक्रिया आहे : मांडीचा एक स्नायू गालात बसवून त्याला दुसरी नस जोडतात. ती साधारण पाच-सहा वर्षांनंतर, मूल व्यायाम समजून करू शकेल तेव्हा करतात. तोवर 'प', 'ब', 'म' हे ओठांचे वर्ण जड जात असतील तर वाचा-उपचार सुरू करा. शाळेत घालताना बाईंना आधीच सांगा, म्हणजे हसत नाही म्हणून मूल घुमं आहे असा समज होणार नाही.

पुढच्या बाळाला होईल का, हा प्रश्न येतोच. एका बाजूचा, एकटा दोष सहसा घराण्यात उतरत नाही. दोन्ही बाजूंचा असेल, नात्यात आणखी कुणाला असेल किंवा सोबत हृदयदोष असेल तर जनुकीय सल्ला घ्या. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ही नस दिसत नाही. कान आणि जबडा नीट बघायला सांगता येतो. आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल तर कान-जबड्याच्या दोषाचा धोका वाढतो. दुसरं मूल ठरवण्याआधी रक्तातली साखर तपासा आणि ती आटोक्यात येईपर्यंत थांबा.